पवनचक्कीचा आवाज आणि कायद्याचे कान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पवनऊर्जेसंबंधी समाजवादी कार्यकर्त्याने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. कोळसा जाळून वीज निर्माण करण्याची किंमत चंद्रपूर आणि कोराडीच्या परिसरातील माणसे वर्षानुवर्षे आपल्या फुप्फुसांनी मोजत आली आहेत. वाऱ्यापासून वीज होते तेव्हा राख पडत नाही, धूर निघत नाही आणि नदीचे पाणीही तापत नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस देशातील पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली, ही घटना म्हणूनच स्वागतार्ह आहे. परंतु स्वच्छ ऊर्जा म्हणजे न्याय्य ऊर्जा, असे समीकरण मांडण्याची घाई पुरोगामी वर्तुळांत होताना दिसते. ती घाई चळवळीला महाग पडण्याचा संभव आहे.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन असे होते की, उत्पादनाच्या खर्चाचा एक भाग तिऱ्हाइतांच्या माथी मारणे ही बाजारव्यवस्थेतील अपवादात्मक चूक नसून तिची नित्याची रीत आहे. जो खर्च कारखानदाराच्या वहीत उतरत नाही, तो कोणाच्या तरी शरीरावर, शेतावर किंवा झोपेवर उतरतोच. पवनचक्की या नियमाला अपवाद नाही. तिच्या न लिहिलेल्या खर्चाचे एक नाव आवाज असे आहे, आणि त्यातही ज्याला कमी वारंवारतेचा आवाज म्हणतात, तो तर कायद्याच्या कानांना नीट ऐकूच येत नाही. तो का ऐकू येत नाही आणि कोणत्या देशांनी तो ऐकण्याचा प्रयत्न केला, हे पाहणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती. हवेतील कंपने सेकंदाला किती वेळा होतात, याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. सामान्यतः २० हर्ट्झच्या खालच्या ध्वनीला अवश्राव्य ध्वनी म्हणतात, आणि २० पासून सुमारे २०० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याला कमी वारंवारतेचा आवाज. दूरच्या मालमोटारीची घरघर, पिठाच्या गिरणीचा शेजारच्या भिंतीतून येणारा घुमारा, ही त्याची परिचित उदाहरणे होत. या आवाजाचे तीन गुणधर्म ध्यानात ठेवले पाहिजेत. त्याच्या लहरी लांब असतात. २० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ मीटर भरते. हवा त्याला फारशी शोषून घेत नाही, म्हणून उंच पट्टीचा आवाज वाटेत विरतो तेथे हा पुढे जात राहतो. आणि भिंत, दार, खिडकी यांनी तो पुरेसा अडत नाही. परिणामी अंगणात जो आवाज पात्यांच्या सूंकारासारखा भासतो, तोच दारे लावल्यावर आतल्या खोलीत केवळ एक खोल घुमणे होऊन उरतो. काही खोल्यांत तर लांबी-रुंदीच्या योगाने तो एका कोपऱ्यात अधिक आणि दुसऱ्यात कमी ऐकू येतो. एकाच घरातील दोन माणसांचे याबाबत एकमत होत नाही, याचे एक कारण हेही आहे.

आता मोजण्याचा प्रश्न. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी मानवी कानाला निरनिराळ्या वारंवारतांचे आवाज किती मोठे वाटतात, याचे वक्र प्रसिद्ध केले. अशा वक्रांच्या आधारे ध्वनिमापकाला एक गाळणी बसविण्यात आली. तिला ‘ए’ भारांकन म्हणतात. जगभरचे बहुतेक ध्वनिकायदे याच गाळणीतून आलेल्या आकड्यावर उभे आहेत. ही गाळणी १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा करते, ५० हर्ट्झला सुमारे ३० आणि २० हर्ट्झला सुमारे ५०. यात लबाडी काही नाही. मंद पट्टीच्या आवाजाला कान खरोखरीच कमी संवेदनशील असतो. परंतु येथे दोन गोष्टी निसटतात. एक तर या पट्ट्यात आवाज एकदा ऐकू येऊ लागला की त्यातील थोडी वाढही कानाला पुष्कळ मोठी वाटते. दुसरे म्हणजे सगळ्या वारंवारतांची गोळाबेरीज करून एकच आकडा काढला की आवाजाचा पोत नाहीसा होतो. ४० डेसिबलची सळसळ आणि ४० डेसिबलचा घुमारा कागदावर सारखेच ठरतात. बंद खोलीत निजलेल्या माणसाला मात्र ते सारखे नसतात. सरासरी उत्पन्नाच्या आकड्याने गावातील भूमिहीनाचे दारिद्र्य जसे झाकले जाते, तसाच हा प्रकार आहे. सरासरी काढण्यात चूक नसते, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केली जाते यात चूक असते.

हा प्रश्न नवा नाही. १९७९ साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात बून या गावाजवळच्या टेकडीवर सुमारे ६१ मीटर व्यासाच्या पात्यांची, २ मेगावॅटची एक प्रायोगिक पवनचक्की उभारली गेली. तिची पाती मनोऱ्याच्या मागल्या बाजूस, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला फिरत. प्रत्येक पाते मनोऱ्याच्या मागच्या खळबळलेल्या हवेतून जाताना एक दबका धक्का उत्पन्न होई. आसपासच्या मोजक्या कुटुंबांनी तक्रार केली की घरात धपधप असा आवाज येतो आणि वस्तू हादरतात. तक्रारदार थोडे होते म्हणून ती फेटाळली गेली नाही. शासकीय संशोधन संस्थेने घरांच्या आत जाऊन मोजमापे केली, कारण शोधले, पात्यांची गती कमी करून पाहिली. आणि पुढील काळातील चक्क्यांची पाती मनोऱ्याच्या पुढल्या बाजूस आली, त्यामागे हा अनुभवही होता. यातून निघणारा बोध साधा आहे. तक्रार खरी मानून तपासली की यंत्र सुधारते, आणि ती खोटी मानली की यंत्र व माणूस दोघेही आहेत तेथेच राहतात.

आज ज्या देशाचे नियम सर्वात तपशीलवार आहेत तो डेन्मार्क. तेथे पवनचक्क्यांच्या आवाजाविषयी स्वतंत्र आदेश १९९१ सालीच निघाला. मोकळ्या प्रदेशातील घराशी वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर असताना ४४ डेसिबल आणि ६ मीटर असताना ४२ डेसिबल, तर वस्तीच्या व शांततेच्या भागात अनुक्रमे ३९ आणि ३७, अशा मर्यादा पुढे ठरल्या. चक्कीच्या पात्यासह जी एकूण उंची होईल तिच्या चौपट अंतर घरापासून राखले पाहिजे, असाही दंडक आहे. परंतु चक्क्या मोठ्या होत गेल्या, तसा नवा प्रश्न उपस्थित झाला. ऑलबोर्ग विद्यापीठातील हेन्रिक म्योलर आणि क्रिस्टियन पेडरसन यांनी ४८ चक्क्यांच्या आवाजाची छाननी करून २०११ साली असे दाखविले की, मोठ्या चक्क्यांच्या आवाजात कमी वारंवारतेचा वाटा लहान चक्क्यांच्या मानाने अधिक असतो. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने नवा आदेश काढला. १ जानेवारी २०१२ पासून घराच्या आत १० ते १६० हर्ट्झच्या पट्ट्यातील आवाज २० डेसिबलच्या वर जाता कामा नये, असे बंधन आले. कारखान्यांच्या अशा आवाजासाठी तेथे संध्याकाळ व रात्रीकरिता हीच मर्यादा पूर्वीपासून सुचविलेली होती. ती आता पवनचक्क्यांना कायद्याने लागू झाली.

हे पाऊल महत्त्वाचे होते, पण त्याचे अवास्तव गुणगान करण्याचेही कारण नाही. ही मर्यादा घरात यंत्र ठेवून मोजली जात नाही. चक्कीच्या मनोऱ्यापाशी केलेल्या मोजमापावरून, अंतर आणि भिंतींचा अडसर यांचे ठराविक आकडे धरून ती हिशेबाने काढतात. घरात मोजायचे म्हटले तर वारा, रहदारी, शीतकपाट यांचे आवाज मिसळतात, हे खरे. परंतु हिशेबात धरलेल्या घरापेक्षा ज्याचे घर हलके आहे, त्याच्या खोलीत प्रत्यक्ष आवाज कागदावरच्या आकड्याहून अधिक असतो, अशी टीका ऑलबोर्गच्या संशोधकांनी केली. नियमाच्या कागदावर असलेले घर कोणाचे आहे, हा प्रश्न समाजवाद्याने विचारलाच पाहिजे. डेन्मार्कमधल्या विटांच्या घराला जो प्रश्न लागू आहे, तो पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांना किती पटीने लागू होईल, हे सांगायला ध्वनिशास्त्रज्ञ नको.

दुसरा धडा हॉलंडचा. जर्मनी व हॉलंड यांच्या सरहद्दीवर, जर्मन बाजूला ऱ्हेडे येथे १७ चक्क्यांचे पवनक्षेत्र उभे राहिले. डच बाजूच्या रहिवाशांचे म्हणणे होते की रात्री आवाज फार वाढतो, आणि त्याला धपधप असा ठेका येतो. हिशेबाप्रमाणे असे होण्याचे कारण नव्हते. ग्रोनिंगेन विद्यापीठात नागरिकांचे प्रश्न संशोधनासाठी घेणारा ‘विज्ञानाचे दुकान’ नावाचा विभाग होता. तेथील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स व्हान डेन बर्ग यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिरावते. खाली वारा पडतो, झाडाचे पान हलत नाही. पण ९०–१०० मीटर उंचीवर वारा जोमाने वाहत असतो. वरचा वारा अपेक्षेपेक्षा कधी कधी २.६ पट वेगाचा आढळला, आणि खालच्या त्याच वाऱ्याला दिवसा होणाऱ्या आवाजापेक्षा रात्रीचा आवाज १५ डेसिबलपर्यंत अधिक. म्हणजे ज्या वेळी गाव सर्वात शांत असते आणि वाऱ्याच्या सळसळीचे पांघरूणही नसते, नेमक्या त्याच वेळी चक्की पूर्ण जोमात चालते. नियमाचा हिशेब दिवसाच्या हवेवर बेतलेला, आणि माणसाची झोप रात्रीची. अशिक्षित म्हणून ज्यांचे म्हणणे उडवून लावले जाते, त्यांचे निरीक्षण येथे तज्ज्ञांच्या सूत्रापेक्षा अचूक ठरले.

मात्र कार्यकर्त्याने आरोग्याविषयी बोलताना संयम सोडता कामा नये. पवनचक्कीच्या अवश्राव्य ध्वनीने अमुक रोग होतो, तमुक अवयव बिघडतो, अशा गोष्टी पुष्कळ पसरल्या आहेत. त्यांना पुरावा नाही. फिनलंडमध्ये सरकारच्या खर्चाने झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना अवश्राव्य ध्वनी असल्या-नसल्याचा फरक ओळखता आला नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ३७ व्यक्तींना ७२ तास असा ध्वनी ऐकवून २०२३ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांतही झोपेवर वा शरीरावर दुष्परिणाम आढळला नाही. पात्यांचा जो ठेका सेकंदाला सुमारे एकदा जाणवतो, तो पुष्कळदा अवश्राव्य ध्वनी समजला जातो. वस्तुतः तो ऐकू येणाऱ्याच आवाजाचा चढउतार असतो. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १,२३८ व्यक्तींची पाहणी करून २०१४ साली सांगितले की, आवाजाच्या पातळीबरोबर त्रासाची भावना वाढते, पण आजार वा निद्रानाश यांच्याशी संबंध दिसत नाही. डेन्मार्कमधील देशव्यापी अभ्यासाने २०१९ साली थोडे निराळे चित्र दाखविले. घराबाहेर रात्री ४२ डेसिबल वा अधिक आवाज असणाऱ्यांत, विशेषतः ६५ वर्षांवरील लोकांत, झोपेच्या आणि नैराश्याच्या औषधांचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. घरातील कमी वारंवारतेच्या आवाजाशी मात्र तसा सुसंगत संबंध मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ४५ डेसिबलची सशर्त शिफारस केली आणि रात्रीसाठी वेगळा आकडा देण्याइतका पुरावा नाही, असे प्रांजळपणे नमूद केले.

यावरून काय ठरते? भीतीचा बाजार मांडणे अशास्त्रीय आहे, हे पहिले. आणि रोग सिद्ध झाला नाही म्हणून त्रास नाही असे म्हणणे हे तितकेच अशास्त्रीय आहे, हे दुसरे. शेजारच्या सभामंडपातील कर्ण्याने कोणाला क्षयरोग होत नाही. तरीही तो रात्री बंद करण्याचा कायदा आहे. झोप हा माणसाचा हक्क आहे, त्यासाठी आजारी पडल्याचे प्रमाणपत्र मागण्याची आवश्यकता नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक निकालात हा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमातच वाचला आहे.

आता अर्थशास्त्राचा गाभा. एया पेडरसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी हॉलंडमधील ७२५ व्यक्तींची पाहणी करून २००९ साली एक लक्षणीय गोष्ट पुढे आणली. ज्यांना पवनचक्क्यांपासून आर्थिक लाभ होत होता, त्यांना इतरांपेक्षा अधिक आवाज सोसावा लागत असूनही त्रास जवळजवळ नव्हता. कॅनडाच्या पाहणीतही लाभधारकांत त्रासाचे प्रमाण कमी आढळले. उद्योगाचे कैवारी याचा अर्थ असा लावतात की तक्रार ही मत्सरातून किंवा पैशासाठी होते. हा अर्थ उथळ आहे. स्वतःच्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज शेतकऱ्याला गोड वाटतो, कारण ते इंजिन त्याचे असते, ते कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे हे त्याच्या हाती असते, आणि त्या आवाजाबरोबर पाणी त्याच्या पिकाला जाते. तोच आवाज परक्याचा असला, रात्रभर चालला आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात गेले, तर तो छळ होतो. कानावर पडणाऱ्या लहरी त्याच. बदलतो तो मालकीचा आणि सत्तेचा संबंध. आवाज ही केवळ भौतिक राशी नाही, ती एक सामाजिक नातेही आहे, असे या पाहणीचे समाजवादी वाचन होईल.

ब्रिटनने या निष्कर्षाचा वापर कसा केला, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे १९९६ सालच्या एका कार्यगटाच्या अहवालावर पवनचक्क्यांच्या आवाजाचे मूल्यमापन दीर्घकाळ चालत आले. या गटात स्थानिक आरोग्याधिकाऱ्यांबरोबर उद्योगाचेही प्रतिनिधी होते. त्याने शांत भागात दिवसासाठी ३५ ते ४० डेसिबल आणि रात्रीसाठी ४३ डेसिबल, किंवा मूळच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल अधिक, यांपैकी जे मोठे ते मान्य केले. म्हणजे रात्री दिवसापेक्षा अधिक सूट! माणसे रात्री घरात असतात, एवढेच त्याचे समर्थन. आणि ज्या घरातील रहिवाशाचा प्रकल्पात आर्थिक संबंध आहे, त्याच्यासाठी मर्यादा ४५ डेसिबलपर्यंत सैल करण्याची मुभा दिली. करारावर सही एकट्या कुटुंबप्रमुखाची असते, झोप मात्र म्हाताऱ्या आईची आणि तान्ह्या मुलाचीही जाते. भागीदारी वेगळी आणि भरपाई देऊन गप्प बसविणे वेगळे, ही रेषा येथे पुसली गेली.

भागीदारीचा नमुना पाहायचा तर पुन्हा डेन्मार्ककडेच जावे लागते. तेथील पवनऊर्जा सुरुवातीला गावकऱ्यांच्या संघांनी, लहान लहान चक्क्यांवर उभी केली. कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेन येथील २० चक्क्यांची निम्मी मालकी साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संघाकडे गेली. पुढे चक्क्या मोठ्या झाल्या, भांडवल मोठे झाले, आणि संघांची जागा कंपन्यांनी घेतली. तेव्हा सरकारला कायदा करून किमान २० टक्के भाग परिसरातील रहिवाशांना देऊ करण्याची सक्ती करावी लागली. २०२० साली तीही जाऊन तिची जागा रहिवाशांना द्यावयाच्या वार्षिक रकमेने घेतली. मालकीकडून मोबदल्याकडे झालेला हा प्रवास आहे. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा जो आग्रह धरला होता, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. यंत्र किती मोठे असावे हे ठरविताना ते कोणाच्या आवाक्यात राहील, हेही पाहावे लागते.

हे सर्व भारताच्या संदर्भात कसे लावायचे? १९८७ सालच्या दुरुस्तीने ध्वनी हा हवा प्रदूषण कायद्याच्या व्याख्येत आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हा आकडा डेन्मार्कच्या ४४ पासून फार दूर नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. खरी उणीव आकड्यात नाही. आकडा ‘ए’ गाळणीतला आहे, कमी वारंवारतेसाठी निराळी मर्यादा नाही. कोणता भाग निवासी आणि कोणता औद्योगिक, ही वर्गवारी राज्य सरकारने करायची; औद्योगिक भागात रात्रीची मर्यादा ७० आहे. माळावरच्या चार घरांच्या वाडीला कोणत्या रकान्यात घालणार? शिवाय हे नियम बोलताना शहर डोळ्यांसमोर ठेवतात. ज्या वाडीत रात्री मुळातच रातकिड्यांखेरीज काही ऐकू येत नाही, तेथे ४५ डेसिबलचा अखंड आवाज हा एक नवाच रहिवासी असतो.

पवनचक्क्यांसाठी खास असे जे आहे, ते २०१६ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. आवाजाच्या दृष्टीने कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये, असे त्यात म्हटले आहे. चक्कीची उंची कितीही असो, संख्या कितीही असो, अंतर तेच. डेन्मार्कच्या दंडकाने २०० मीटर उंचीच्या चक्कीला ८०० मीटर सोडावे लागतात. त्याच २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पवनऊर्जेला ‘पांढऱ्या’ वर्गात ठेवले. म्हणजे मंडळाच्या संमतीची गरज नाही, कळविले की पुरे. आणि २००६ सालच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतील परिशिष्टात पवनचक्क्यांचा समावेशच नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. आवाजाची तक्रार करण्याचा प्रसंग येतो तेव्हा मनोरे उभे राहिलेले असतात, कर्जे घेतलेली असतात, आणि गावकऱ्याला सांगण्यात येते की आता उशीर झाला.

राज्याचा हात मात्र दुसऱ्या बाजूला सैल राहिला. पवनचक्कीच्या भांडवलावर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा धरण्याची आयकर सवलत अनेक वर्षे होती. २०१२ साली ती कमी झाली, २०१४ साली परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. वीज किती निर्माण झाली याच्याशी या सवलतीचा संबंध नव्हता, मनोरा उभारला की पुरे होते. ज्यांच्याजवळ नफा होता त्यांनी कर वाचविला. ज्यांच्याजवळ केवळ माळरान होते त्यांना एकदाच मिळालेली जमिनीची किंमत आणि कायमचा शेजार मिळाला. साताऱ्याचे वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार असो, किंवा धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका असो, सार्वजनिक पैशाने पोसलेल्या उद्योगाकडे सार्वजनिक हिशेब मागण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेला आहे.

चळवळीच्या मागण्या यातूनच निघतात. पवनऊर्जेला विरोध ही त्यांतील मागणी नाही, हे प्रथम स्पष्ट असावे. कोळशाच्या लॉबीला हत्यार पुरविणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. मागणी आहे ती नियमाची. अंतर चक्कीच्या उंचीशी आणि संख्येशी बांधले जावे. घराच्या आत, रात्रीसाठी, कमी वारंवारतेच्या आवाजाची स्वतंत्र मर्यादा असावी आणि तिचा हिशेब विटांच्या पक्क्या घरावर नव्हे, तर परिसरातल्या सर्वात हलक्या घरावर व्हावा. उभारणीपूर्वी गावाची मूळची शांतता निरनिराळ्या ऋतूंत मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी, कारण जे आधी मोजले नाही ते हरवल्याचे नंतर सिद्ध करता येत नाही. चक्कीचा वेग आणि वीजनिर्मिती यांच्या दर दहा मिनिटांच्या नोंदी मागणाऱ्याला मिळाव्यात. मर्यादा ओलांडली तर रात्री गती कमी करण्याचे बंधन परवान्यातच असावे. बहुतेक आधुनिक चक्क्यांत तशी सोय असते, त्यात थोडी वीज कमी होते एवढेच. आणि मालकीत परिसराचा हिस्सा असावा, तो भूमिहीनांसह सर्व कुटुंबांचा, केवळ मनोऱ्याखाली ज्याची जमीन गेली त्याचा नव्हे.

नियम कोणी आणि कसे करावेत, याबाबत हॉलंडचा आणखी एक दाखला उपयोगी आहे. तेथील पवनक्षेत्रांसाठी वर्षाकाठी सरासरी ४७ आणि रात्रीसाठी ४१ डेसिबल असा राष्ट्रीय दंडक होता. युरोपीय न्यायालयाने २०२० साली बेल्जियममधील नेव्हेले प्रकरणात असे ठरविले की, असे दंडक करण्यापूर्वी त्यांचेच पर्यावरणीय मूल्यांकन व्हायला हवे. त्या आधारे ३० जून २०२१ रोजी डच राज्य परिषदेने आपल्या देशाचा दंडक पवनक्षेत्रांपुरता बाजूला ठेवला. आकडा चूक होता असे न्यायालयाने म्हटले नाही. तो लोकांसमोर तपासला गेला नव्हता, एवढेच म्हटले. आकडा किती, या प्रश्नाइतकाच तो कोणासमोर ठरला, हा प्रश्न लोकशाहीत महत्त्वाचा आहे.

हे दूरचे काम झाले. जवळचे काम कोणत्याही तालुक्यातील कार्यकर्त्याला उद्यापासून करता येईल. ज्या वाडीत तक्रार आहे तेथे एक वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, खाली वारा आहे की नाही, दारे उघडी की लावलेली, कोणत्या खोलीत, आवाज सळसळीसारखा की घुमण्यासारखा, आणि कोण जागे झाले, हे लिहावे. ज्या रात्री काहीही त्रास झाला नाही तीही लिहावी, कारण तिच्यामुळे बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो. ज्यांना चक्कीपासून भाडे वा नोकरी मिळते, त्यांचेही म्हणणे टिपावे. मनोऱ्याच्या पायथ्याशी रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी पहारेकऱ्याला तर विसरूच नये, कारण ५०० मीटरचा नियम त्याच्यासाठी लिहिलेला नाही. तीन-चार महिन्यांची अशी वही हाती आली की ती ग्रामसभेत वाचावी, ठरावासह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावी, आणि रात्रीच्या, घरातल्या मोजणीची मागणी करावी. ऱ्हेडेच्या शेजाऱ्यांजवळ याहून अधिक काही नव्हते. त्यांनी जे ऐकले ते ते नेटाने सांगत राहिले, आणि एका विद्यापीठाने ते खरे की खोटे हे तपासण्याची तसदी घेतली. महाराष्ट्रात विद्यापीठे आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, ध्वनिमापकही आहेत. त्यांना माळावर बोलावून आणण्याचे काम मात्र कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.